इंदूवन्संची सुई

मुंबईला जाऊन आले म्हटलं की आमच्या कागल भागातल्या बायका पहिल्यांदा विचारतात, समुद्र बघितलास का? बघितला बाई. वर्सोव्याला बघितला. तिथं माझी चप्पल चिखलात रुतली, ती काढायला वाकले तर दुसरीही गेली, आणि काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांखालून अनवाणी चालत मी रिक्षापर्यंत आले. एक कोळीण पोट धरून हसत होती. वास असा की दोन धुण्यांत पदरातून गेला नाही. पण मला समुद्राचं सांगायचं नाही. मी तिथं म्हशी बघून आले. घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी असलेली बाई मुंबईला जाऊन म्हशी बघून हबकली, हे कुणाला सांगितलं तर हसतील. हसू देत. सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

गेले होते इंदूवन्संना आणायला. इंदूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. जनावरांची डॉक्टर, आणि नुसती डॉक्टर नव्हे, डॉक्टरांना शिकवणारी प्रोफेसर. तिच्या वेळी वर्गात ती एकटी मुलगी होती. पोरं म्हणायची, ही मांजरं-कुत्री बघेल फार तर. तर हिनं मुद्दाम म्हशीच धरल्या. गाभण जनावर, अडलेलं जनावर, पान्हा चोरणारं जनावर, हेच तिचं शास्त्र. सारा जन्म मुंबईत शिकवण्यात गेला. शेवटची काही वर्षं उत्तरेकडच्या एका मोठ्या संस्थेत काढली, आणि रिटायर होऊन ती नुकतीच अंधेरीच्या आपल्या ब्लॉकमध्ये परत आली होती. लग्न झालं नाही. एकदा पाहुणे बघायला आले असताना त्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं? वन्संनी आपणच सांगितलं, खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू सरळ करता येतं. त्या लोकांनी पुढ्यातले पोहेसुद्धा संपवले नाहीत.

आमच्या ह्यांनी बहिणीसाठी माडीवर खोली बांधली, चुना मारला, खिडकी गोठ्याच्या बाजूला ठेवली. म्हणाले, अक्काचा तिकडं सत्कार आहे, तो बघ आणि तिला घेऊनच ये. एवढं काम.

अंधेरी

पहिला धक्का सकाळच्या चहाचा. पिशवी घेऊन वन्सं मला दुधाच्या बूथवर घेऊन गेल्या. माणसं उजाडायच्या आत ओळीनं उभी, आणि हातात रिकाम्या बाटल्या. त्या देऊन मिळणाऱ्या भरल्या बाटलीवर चंदेरी कागदाचं टोपण, आत निळसर पाणी. मी विचारलं, हे दूध कुठल्या म्हशीचं? ओळीतली माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी म्हैस चौकात येते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाचा पेला हातात देतात. दूध आणि म्हैस यांची ताटातूट कशी होऊ शकते, हेच माझ्या डोक्यात शिरेना. वन्सं म्हणाल्या, "शालन, इथं हे असंच. उद्या तुला तबेल्यात नेते. तिथं म्हशी बघ म्हणजे तुझा जीव थंड होईल."

दुपारी त्यांनी मला त्या सत्कारामागची हकिकत सांगितली. मला अर्धवट ठाऊक होती, सबंध त्या दिवशी ऐकली. वन्सं तरुण असताना मरोळच्या पलीकडं एका तबेल्यात त्यांना बोलावणं आलं. तबेला एका ईस्ट इंडियन म्हाताऱ्याचा होता, म्हणजे तिथल्या जुन्या गावातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा. त्याच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं आणि म्हैस पान्हा सोडत नव्हती. रेडकू गेलं की म्हैस दूध वर चढवते, हे आपल्याला ठाऊकच आहे. आपण आंबोण पुढं ठेवतो, पाठ थोपटतो, गोंजारतो. तिथं काय करायचे? नळी घेऊन म्हशीच्या मागच्या वाटेनं आत वारा फुंकायचे. म्हैस कळवळायची, पाठ कमानीसारखी व्हायची, आणि त्या कळीत दूध सुटायचं. ह्याला फुंका म्हणायचे. कायद्यानं बंदी होती, पण कायदा तबेल्यात कधी येतो?

वन्संनी त्या माणसाच्या हातातली नळी हिसकून शेणात फेकली. पिशवीतून सुई काढली, एक औषध भरलं आणि म्हशीला टोचलं. जरा वेळात म्हैस शांत उभी राहून पान्हावली. म्हातारा गुडघे टेकून वन्संच्या पाया पडला. त्यानंतर वन्संनी कितीतरी वर्षं सुट्टीचे दिवस तबेल्यांत घालवले. नळी टाका, अडलेल्या म्हशीला सुई मारा, हे घरोघर शिकवलं. शिव्या खाल्ल्या, एका म्हशीची लाथ खाऊन मांडीचं हाड मोडून घेतलं. शेवटी त्या भागातला फुंका बंद झाला. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, परदेशात जाऊन भाषण दिलं. पण त्या सगळ्याचं त्यांना काही नव्हतं. "माझ्या हातून आयुष्यात एक काम झालं बघ," असं त्या म्हणाल्या, आणि ते काम म्हणजे हे. शेजारच्या ब्लॉकमध्ये नवीन रंगीत टीव्ही होता, त्याचा आवाज भिंतीतून येत होता. वन्संचा चेहरा एवढा खुललेला मी घरातल्या लग्नांच्या कुठल्या फोटोतही बघितला नव्हता.

मरोळच्या पलीकडे

त्या म्हाताऱ्याचा मुलगा पास्कल आता मालक. पन्नाशीचा, गळ्यात क्रूस, अंगात बंडी, तोंडभर हसू. वन्संना बघून त्यानं हातातली बादली खाली ठेवली आणि डोळे पुसले. "डाक्टरबाय, तुमी आलं," एवढंच परत परत म्हणत राहिला. त्याच्या बायकोनं आम्हाला तिथंच घराच्या ओट्यावर जेवायला बसवलं. फुगे म्हणून तळलेले गोल गोल पाव, बोट लावलं की दबणारे, आणि बाटलीत ठासून भरलेल्या मसाल्याचं कालवण. मी आपली तांबड्या रश्श्याच्या तोऱ्यात होते, पण त्या कालवणानं मला नाक पुसायला लावलं. झकास होतं, खोटं कशाला बोलू. मी फुगे किती खाल्ले ते विचारू नका.

मग तबेला. बाप रे. पत्र्याखाली दोन्ही बाजूंना म्हशी, नजर पोचेल तिथपर्यंत म्हशी, काळ्याभोर, गोलगरगरीत शिंगांच्या. एकेकीची कास घागरीएवढी. आमच्या गावातल्या सगळ्या म्हशी एकत्र केल्या तरी एवढ्या भरायच्या नाहीत. मी खूश होऊन चालत होते. अर्धं अंतर गेले आणि मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय चुकतंय ते कळेना. मग लक्षात आलं. धारेची वेळ आणि एक रेडकू ओरडत नाही. आमच्याकडं दोन म्हशींची धार असली तरी रेडकांचा असा कालवा असतो की शेजारी जागे होतात.

मी पास्कलला विचारलं, रेडकं कुठं बांधलीत? त्याला रेडकू शब्द कळला नाही. वन्सं म्हणाल्या, पारडू. तो हसला.

"पारडू कशाला, बाय? पारडू अर्धा दूध पिते. आता तुमची सुई हाय ना."

वन्सं चालता चालता थांबल्या. समोर धार काढणारा रामदुलार एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात सुई घेऊन ओळीनं पुढं सरकत होता. प्रत्येक म्हशीच्या मानेत सुई, मग बादली. पुढची म्हैस, त्याच सुईनं. अडलेली म्हैस नाही, रेडकू मेलेली म्हैस नाही, सगळ्या. सकाळ-संध्याकाळ. पास्कल अभिमानानं सांगत होता की आता हा सगळा भाग असंच करतो, औषध नाक्यावर पानवाल्याकडंसुद्धा मिळतं, आणि लोक त्याला नाव काय म्हणतात ठाऊक आहे का, तर डाक्टरबायची सुई. बापानं मरताना सांगितलं होतं, त्या बाईचं नाव विसरू नका. म्हणून हा सत्कार.

वन्संनी विचारलं, मग पारडांचं काय होतं? विचारताना त्यांचा आवाज वर्गात विद्यार्थ्याला विचारावा तसा होता. पास्कल म्हणाला, मरतात. दूध नाय तर मरणारच. गाडी येते, घेऊन जाते. त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, वाईट माणूस नव्हता तो.

मी हात धुवायच्या निमित्तानं मागे गेले. तिथं उकिरड्याच्या कडेला, उन्हात, एक रेडकू पडलं होतं. त्याच पहाटे जन्मलेलं असेल, नाळ अजून ओली. कपाळावर पांढरा ठिपका. मला वाटलं मेलंय. जवळ बसले तर त्यानं मान उचलली आणि माझं बोट तोंडात घेऊन चोखायला लागलं. मी म्हशीच्या घरातली बाई, मेलेली रेडकं मी काय कमी बघितलीत? पण आई दहा पावलांवर उभी असताना, तिची कास भरलेली असताना, पोर उकिरड्यावर टाकून दिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पास्कल मागे येऊन उभा राहिला होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याला माझं निम्मं कळलं नसावं.

रिक्षा घराजवळ आल्यावर वन्सं म्हणाल्या, "फुंका होता तेव्हा निदान रेडकू तरी जगवायचे गं. रेडकू असलं की फुंका लागत नाही, म्हणून." मी म्हटलं, उद्याचा सत्कार नको, आपण सकाळचीच गाडी धरू, खोली तयार आहे. त्या म्हणाल्या, उद्या मी जाणार.

सत्कार

शाळेचं सभागृह होतं, झिरमिळ्या लावलेल्या, माइक कुईं कुईं करणारा. तबेलेवाले सगळे धुतलेले कपडे घालून आलेले. वन्संच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण त्यांच्या कारकिर्दीबद्दल बोलला आणि फार चांगलं बोलला. मग शाल, नारळ, आणि शेवटी पास्कलनं मखमलीच्या पेटीतून भेट काढली. चांदीची म्हैस. सोनाराला म्हैस घडवायची सवय नसावी, गाईसारखीच दिसत होती, आणि पोटाशी, सडाला तोंड लावून, चांदीचं पिल्लू.

वन्संनी ती दोन्ही हातांत धरली. बराच वेळ बघितली. मग माइकवर म्हणाल्या, "ह्या म्हशीला पारडू आहे. तुमच्यापैकी कुणाच्या म्हशीला आहे?"

लोकांना ती गंमत वाटली. हसले, टाळ्या वाजवल्या. वन्संनी त्या टाळ्या संपू दिल्या. मग सांगितलं की ती सुई मी एका दुखऱ्या म्हशीसाठी आणली होती, तुमच्या सगळ्या म्हशींसाठी नाही. हे माझ्या नावानं चाललंय, आणि मला हे चांदीचं नको. मला जिवंत पारडू हवं. एवढं बोलून त्यांनी म्हैस टेबलावर ठेवली आणि खाली उतरल्या. सभागृहात कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. आभार मानायला उठलेला माणूस ठरलेलं आभाराचं भाषण तसंच म्हणून मोकळा झाला. मला वन्संचा असा अभिमान वाटला की काय सांगू. वाटलं, संपलं एकदाचं, आता घरी.

जिवंत पारडू

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक बांधत होते. खाली गलका झाला. गॅलरीतून बघते तर रिक्षा उभी, आणि रिक्षात पास्कल, मांडीवर ते पांढऱ्या ठिपक्याचं रेडकू घेऊन. गळ्यात झेंडूची माळ घातलेली. पास्कलच्या नव्हे, रेडकाच्या गळ्यात.

डाक्टरबायनी भर सभेत पारडू मागितलं, ते त्यानं आणून दिलं होतं. रात्रभर त्याला वाईट वाटत होतं म्हणे, आपण चांदीचं देऊन बाईंचा अपमान केला. मी कपाळाला हात लावला. हसावं की त्याच्या श्रीमुखात द्यावी, कळेना.

बिल्डिंगचे सेक्रेटरी सावंत, मालवणचे, गिरणीतून रिटायर झालेले, खाली येऊन कमरेवर हात ठेवून उभे. "डॉक्टरीणबाई, ह्यां काय हाडलात?" म्हणाले, म्हणजे हे काय आणलंत. नियमावर बोट ठेवायला आले होते, पण त्या पिल्लाची मान लुळी पडलेली बघितल्यावर तसेच वर गेले आणि नातवाची दुधाची बाटली घेऊन आले. बाटलीतलं सरकारी दूध कोमट करून मी पाजायला बघितलं. त्यानं चार घोट घेतले, ठसका लागला, निम्मं माझ्या लुगड्यावर. वन्संनी त्याच्या पोटाला हात लावला, हिरड्या बघितल्या. म्हणाल्या, ह्याला आईचं दूध आजच्या आज मिळालं नाही तर हे जाणार.

पास्कलला विचारलं, ह्याची आई कुठली? मोडक्या शिंगाची, तो म्हणाला, तिसऱ्या वेताची, चांगली दुधाळ.

मग आम्ही तिघं त्याच रिक्षात, रेडकू माझ्या मांडीवर, परत मरोळला. माझी ट्रंक तशीच उघडी राहिली.

मोडक्या शिंगाची म्हैस आपल्या जागी उभी होती. मला धास्ती होती की ती पोराला जवळ करणार नाही, दोन दिवस तोंड बघितलेलं नाही. वन्संनी मीठ मागवलं, रेडकाच्या पाठीला चोळलं आणि त्याला तिच्या पुढ्यात उभं केलं. उभं काय, मी धरून ठेवलं होतं. म्हशीनं हुंगलं. एकदा, दोनदा. आणि मग अशी चाटायला लागली की रेडकू माझ्या हातातून सटकून पडायला आलं. घशातून हंबरत होती, हलक्या आवाजात, त्या हंबरण्याला आपल्याकडं वेगळा शब्दच नाही. रामदुलार बादली टाकून बघायला आला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी रेडकू कासेशी नेलं, त्यानं सड तोंडात धरला, चोखलं, ढुशी दिली, परत चोखलं.

दूध उतरेना.

कास तटतटलेली होती. म्हैस वळून वळून पोराला चाटत होती. आणि पान्हा नाही. रेडकानं चारही सड धरून सोडले. त्याची ढुशी हळूहळू मंदावली, मग ते नुसतं सड तोंडात धरून उभं राहिलं. वन्सं कास चोळत होत्या, कोमट पाण्याचं फडकं लावत होत्या, तिच्याशी बोलत होत्या. रामदुलार म्हणाला, "बिना सुई के नहीं उतरेगी, माँजी. आदत नहीं है उसको." त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, दया होती. मला त्याचा राग आला तरीही.

मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. माया होती आणि पान्हा नव्हता. पोर पोटाशी, जीभ त्याच्या पाठीवर, आणि दूध कुणीतरी टोचल्याशिवाय आईच्या अंगातून निघत नव्हतं. मी वन्संकडं बघितलं. त्या म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसल्या होत्या. रेडकाचे पुढचे पाय दुमडायला लागले.

वन्संनी मान वर न करता हात मागे केला.

"दे सुई," त्या म्हणाल्या.

रामदुलारनं दिली. वन्संनी ती उकळून आणायला लावली, तेवढा वेळ रेडकाला मी पोटाखाली हात घालून तोलून धरलं. मग त्यांनी औषध भरलं, नेहमीच्यापेक्षा कमी, आणि आपल्या हातानं त्या म्हशीला टोचलं. जरा वेळानं कास हलली. रेडकाच्या तोंडाच्या कडांतून पांढरा फेस आला आणि ते गटागटा प्यायला लागलं. शेपटी उडायला लागली. पास्कलनं छातीवर क्रूस काढला आणि मोठ्यानं म्हणाला की बघा, डाक्टरबायची सुई. मी म्हटलं, चला वन्सं, उठा. त्या उठल्या नाहीत.

घरी

मी एकटीच परत आले. निघायच्या दिवशी त्यांचा निरोप घ्यायला तबेल्यातच जावं लागलं, धारेची वेळ होती. त्या मोडक्या शिंगाच्या म्हशीपाशी बसल्या होत्या, मांडीच्या जुन्या दुखण्यामुळं एक पाय लांब करून. रोज औषध थोडं थोडं कमी करत आणायचं, असं त्यांचं चाललं होतं. रेडकू जगलं होतं. पास्कलनं ते ठेवून घेतलं होतं, बाईंचं आहे म्हणून. बाकीच्या म्हशींपुढून रामदुलार बादली आणि सुई घेऊन नेहमीसारखा चालला होता. मी म्हटलं, माडीवरच्या खोलीला मी कुलूप लावणार नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लाव, नाहीतर उंदीर होतील.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. हे गोठ्यातच होते. माझ्या मागं कुणी दिसेना म्हणून बघत राहिले आणि विचारलं, अक्का कधी येणार?

"म्हशीची सुई सुटली की येणार," मी म्हटलं, आणि बसल्या जागी सगळं सांगितलं.

ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "तिथं म्हशी किती आहेत?"

मी रेडकाचं दावं सोडलं. ते धावत गेलं, म्हशीच्या पोटाला ढुशी दिली, आणि काही न करता, कुणी काही न करता, पान्हा आला.